पदवीचा रकाना

नोकरीच्या ऑनलाइन अर्जात ‘सर्वोच्च शैक्षणिक पात्रता’ असा एक रकाना असतो. त्याच्यापुढे लाल तारांकन असते, आणि खालच्या यादीत बारावीचा पर्याय नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. बार्शीत बी.एस्सी.चे पहिले वर्ष अर्धवट सोडून मी पुण्याला आले, तेव्हा या रकान्याने मला कित्येक महिने अडवून धरले होते. लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या कामात आज मला ११ वर्षे झाली आहेत. पदवी नसताना या क्षेत्रात कसे शिरावे, असे विचारणाऱ्यांना मी सांगते की, आधी आपले काम कुणाच्या तरी नजरेस पडेल आणि कागद नंतर मागितला जाईल, अशी जागा शोधा.

माझ्या बाबतीत त्या जागेची सुरुवात एमएस-सीआयटीच्या केंद्रात झाली. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि घरात लगेच पगार येणे गरजेचे झाले, म्हणून मी तिथे मदतनीस म्हणून लागले. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे केंद्रात दिवसभर गर्दी असे, आणि २० संगणकांपैकी एखादा तरी रोज बंद पडे. दुरुस्तीसाठी सोलापूरहून माणूस यायला दोन दिवस लागत, तेवढा वेळ मुले खोळंबून बसत. त्यामुळे एकेक बिघाड मीच उघडून पाहू लागले. नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारांचा क्रम मी वहीत लिहून ठेवला होता: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पक्कड दाबून टोक बसवायचे, टेस्टर लावायचा आणि आठही दिवे ओळीने लागतात का ते पाहायचे. सहावा दिवा लागला नाही, तर हिरवी तार आत पोचलेली नाही हे मला न उघडता कळू लागले.

पुण्यात मात्र हे कुणाला सांगावे, असा प्रश्न पडला. ‘दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत ६० टक्के’ ही अट जाहिरातींत सर्रास असे. एका कन्सल्टन्सीने मला तीन वर्षांच्या अनुभवाचे बनावट पत्र, पगाराच्या पावत्यांसह, विकत देऊ केले. माझ्यासोबत राहणाऱ्या एका मुलीने तसे पत्र घेतले. रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात पार्श्वभूमी पडताळणीत ते उघडकीस आले आणि तिला त्याच दिवशी ओळखपत्र जमा करावे लागले. ती कामात चांगली होती, याचे मला आजही वाईट वाटते. खोटे पत्र एकदा नोंदीवर आले की पुढचे खरे कामही संशयाच्या नजरेने पाहिले जाते. म्हणून या वाटेला कुणीही जाऊ नये, असे मी अगदी कळकळीने सांगते.

मी त्याऐवजी रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आरएचसीएसए या प्रमाणपत्र परीक्षेला बसले, कारण तिला बसण्यासाठी पदवीची अट नाही आणि पर्यायांवर खुणा करण्याचाही प्रकार नाही. समोर चालू यंत्र असते आणि कामे त्यावर प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. केलेले बदल यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकले पाहिजेत, ही त्यातली खरी मेख आहे. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये एक अक्षर चुकले तर यंत्र नीट उठतच नाही, आणि मग त्याआधीचे बरोबर केलेले कामही तपासणाऱ्याला दिसत नाही. फी माझ्या दोन पगारांएवढी होती, त्यामुळे बसण्याआधी मी जुन्या लॅपटॉपवर तेच यंत्र मुद्दाम शंभर वेळा मोडून दुरुस्त केले.

त्या प्रमाणपत्रावर एका कंत्राटदाराने मला रात्रपाळीच्या देखरेखीच्या कामावर घेतले. पडद्यावर इशारा आला की ठरलेली पायरी करायची आणि ती पुरेशी नसेल तर वरच्या अभियंत्याला फोन लावायचा, एवढेच ते काम. एका पहाटे ‘जागा संपली’ असा इशारा आला. ‘डीएफ’ आज्ञा डिस्क १०० टक्के भरल्याचे सांगत होती, पण ‘डीयू’ने केलेली फाइलींची बेरीज तिच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचे नाव जाते. एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ आज्ञेच्या यादीत एका भल्यामोठ्या लॉग फाइलपुढे ‘डिलीटेड’ असे लिहिलेले मला दिसले. मी फोन लावला, प्रोग्रामचा क्रमांक सांगितला आणि तो पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागितली.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” पलीकडून प्रश्न आला.

“कुणी नाही, सर. दोन आकडे जुळत नव्हते, म्हणून शोधलं.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आपल्या गटात मागून घेतले. मनुष्यबळ विभागाने पदवीचा प्रश्न काढला, तेव्हा त्या रात्रीची नोंद जोडून त्यांनीच पत्र लिहिले. कागद मागितला गेला, पण काम आधी पाहिलेले होते.

महाविद्यालय सुटल्याने जे हुकते, ते मात्र कमी लेखू नये. शिकण्याचा क्रम आणि सोबत अडखळणारे वर्गमित्र, या दोन गोष्टी मला मिळाल्या नाहीत. आज्ञा पाठ होत्या, पण त्या तशा का चालतात हे ठाऊक नव्हते. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २६ नेटवर्कसाठी धरले की ६४ पत्ते उरतात, तरीही यंत्रांना ६२च का देता येतात, हे मी नोकरीला लागल्यावर कागदावर एक आणि शून्य मांडून शिकले: पहिला पत्ता नेटवर्कची ओळख असतो आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया मी आयआयटीच्या प्राध्यापकांच्या एनपीटीईएलवरील मोफत व्याख्यानांतून भरून काढला आणि त्यासाठी दोन वर्षे रविवार राखून ठेवले.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते; शिक्षणाच्या एका वर्षाच्या जागी कामाची तीन वर्षे धरली जातात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीची भरपाई १२ वर्षांच्या अनुभवाने होते. जर्मनीने मात्र २०२३च्या नोव्हेंबरपासून आयटीतील अनुभवी लोकांना पदवीशिवाय ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून काम करण्याचा परवाना, देण्याची सोय केली आहे. त्यासाठी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव आणि ठरावीक पगाराचे नोकरीपत्र हवे. शिवाय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते. मी तिथे यंदा नाव नोंदवले आहे. आई म्हणते, आता कशाला? पण अपुरे राहिलेले ते वर्ष मला पूर्ण करायचे आहे.

आमच्या गटात रात्रपाळीसाठी माणसे निवडताना आता मीही मुलाखत घेते. मी उमेदवाराला एफएसटॅब बिघडवलेले यंत्र देते, अर्धा तास देते आणि शेजारी बसून तो काय वाचतो, कुठे थांबतो, ते पाहते. गेल्या वेळी हे काम सर्वांत नीट एका आयटीआय झालेल्या मुलाने केले. जाहिरातीत पदवीची अट होती, म्हणून त्याचा अर्ज माझ्या ओळखीतून हाताने पुढे द्यावा लागला होता. ती अट काढावी, असे पत्र मी मनुष्यबळ विभागाला दिले आहे आणि त्याच्या मुलाखतीची नोंद त्याला जोडली आहे.