लेखनिक मिळेपर्यंत

आठवीच्या सहामाहीत माझ्या मुलाला इतिहासात 40 पैकी 9 मार्क पडले. आदल्याच रात्री त्याने मला 1857 चा उठाव इतका रंगवून सांगितला होता की गॅसवरचं दूध उतू गेलं. मग पेपरात काय झालं? मी विचारलं नाही, नेहमीसारखी ओरडले. आळशी आहेस, लिहायचा कंटाळा, मोबाइल बंद.

शाळेत समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनच दिवस यायच्या. त्या मारामाऱ्या करणाऱ्या पोरांसाठी असतात अशी माझी समजूत. त्यांचं बोलावणं आलं तेव्हा मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले होते. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक त्याचा पेपर. दुसऱ्यावर तेच प्रश्न, पण त्याने तोंडी दिलेली उत्तरं मॅडमनी शब्दाला शब्द लिहून घेतलेली. सरांनी नाव न बघता तो तपासला होता. 31 मार्क.

मी पहिला कागद नीट बघितला, बहुतेक पहिल्यांदाच. ‘ब्रिटिश’ तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर. आणि प्रत्येक उत्तर दीड ओळीत संपलेलं.

“कंटाळत नाही हो तो,” मॅडम म्हणाल्या. “जो शब्द लिहायला जमणार नाही असं वाटतं, तो टाळतो. टाळून टाळून एवढंच उरतं.”

अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे डोकं चालतं पण वाचन, लेखन किंवा गणितात अडतं, असं त्यांनी सांगितलं. पण निदान मी करत नाही आणि बोर्डाला माझा कागद चालत नाही, हेही लगेच सांगितलं. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागेल. घरी मिस्टर भडकले. दिव्यांग? आपला मुलगा? मॅडमनी त्यांना शनिवारी बोलावून घेतलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात हाही आहे, वगैरे सगळं सांगून झालं, पण ते हलले त्या दोन कागदांमुळेच.

रुग्णालयाच्या फेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी केल्यात त्यांना माहीत आहे. आधी डोळे आणि कान, म्हणजे ऐकू-दिसायची अडचण नाही ना ते बघायला. मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. दोन तारखांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे. एकदा आमची फाइलच सापडेना आणि अर्धा दिवस बाकावर गेला. तेव्हा उपयोगी पडली मॅडमनी करून दिलेली दुसरी फाइल: शाळेचं पत्र, मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं, वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स. “मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही,” असं त्यांनी बजावलं होतं. समुपदेशन म्हणजे गोड बोलणं, असं मला वाटायचं; आमच्या वाट्याला आलं ते जास्त करून पंचिंग मशीन आणि पाठपुरावा.

प्रमाणपत्र नववीत हातात आलं. तोवर त्या थांबल्या नव्हत्या. वर्गात त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही, हे त्यांनी प्रत्येक शिक्षकाला जाऊन सांगितलं. एका बाईंनी ऐकलं नाही, तर परत गेल्या.

दहावीच्या परीक्षेत सवलती मिळाव्यात म्हणून प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. तिथे मी घाईने सगळ्याच सवलतींवर खूण करत सुटले होते. मॅडमनी माझं पेन धरलं. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं, पण पुढे विज्ञानाला जायचं म्हटलं तर अडेल. “त्याला विचारलंत का?” नव्हतं विचारलं. तो म्हणाला, गणित नेहमीचंच, फक्त कॅल्क्युलेटर द्या. मग कॅल्क्युलेटर, तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारा, एवढंच घेतलं.

लेखनिक मिळाला की सुटलो, असं वाटलं होतं. तसं नसतं. तो खालच्या इयत्तेतला लागतो. आम्हाला नववीतली एक मुलगी मिळाली, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या सरावात आमचे चिरंजीव गाडी सुटल्यासारखे बोलत सुटले, ती बिचारी दुसऱ्याच वाक्यावर अडकलेली. मग तो चिडला, ती रडकुंडीला आली. मॅडमनी दोघांना दर शनिवारी समोरासमोर बसवलं. आधी मनात वाक्य पूर्ण कर, मग बोल. तिचं पेन थांबलं की पुढचं. नवा मुद्दा आला की “नवी ओळ” म्हण. आकृतीत कुठलं नाव कुठे लिहायचं, तेही तोंडाने सांगायचं. सराव परीक्षेपर्यंत दोघांचा सूर जमला. मराठीचा तीन तासांचा पेपर त्यांनी चार तासांत पुरा केला आणि बाहेर येऊन आधी वडापाव खाल्ला.

परवा किराणाची यादी करायला बसले होते. तो आतून ओरडून सांगत होता: “साबुदाणा अर्धा किलो. नवी ओळ. शेंगदाणे...” आणि माझं पेन थांबेपर्यंत गप्प राहिला.