पदर उजव्या खांद्यावर

सरांनी मला हायस्कूलला गणित शिकवलं. त्यांचा फोन आला तेव्हा वाटलं, पासपोर्ट फोटोचं काम असेल. पण सर म्हणाले, "तुझ्या काकूंची पंच्याहत्तरी करायचं ठरवलंय पोरांनी. हॉलमध्ये लावायला मोठा फोटो पाहिजे. ती काही फोटोला बसत नाही. बघ तुला जमतंय का."

काकू का बसत नाहीत हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं, डाव्या बाजूचं. औषधं झाली, चेहऱ्याचे व्यायाम झाले, पुष्कळ फरक पडला. गप्प बसल्या असतील तर अनोळखी माणसाच्या लक्षातही येत नाही. हसल्या की मात्र ओठांचा उजवा कोपरा वर जातो, डावा आहे तिथंच राहतो आणि डावा डोळा बारीक होतो. त्यानंतर घरात तीन लग्नं झाली, पण एकाही अल्बममध्ये काकू सरळ समोर बघताना सापडणार नाहीत. कुठं कुणाच्या तरी मागं, कुठं पदर तोंडाशी.

पहिल्या दिवशी माझं सगळंच चुकलं. कराडमधला माझा स्टुडिओ दहा बाय बाराचा. काकूंना स्टुलावर बसवलं, दोन्ही बाजूंना सारख्या उजेडाचे दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाआडून मऊ उजेड देणारे दिवे, लावले आणि कॅमेऱ्यामागून म्हणालो, "काकू, जरा हसा." वीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप येतं. ज्या एका गोष्टीची त्यांना बारा वर्षं धास्ती होती, नेमकी तीच मी करायला सांगत होतो. दोन्ही बाजूंना सारखा उजेड म्हणजे चेहऱ्याच्या दोन अर्ध्या भागांतला फरक बघणाऱ्यापुढं मांडून ठेवणं, हेही त्या क्षणी सुचलं नाही.

चौदा फोटो झाले. त्यांनी पडद्यावर तीन पाहिले, चष्मा त्याच्या डबीत ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, उद्या भिंतीवर हार घालून हाच फोटो लावतील. तो वाकड्या तोंडाचा नको. पोरांना सांग, राहू दे."

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. आमच्याकडं म्हातारी माणसं स्वतःहून येतात, 'मागं लावायला' एक चांगला फोटो काढून ठेवा म्हणतात आणि पैसे आगाऊ देतात. पण काकूंचं बोलणं मला लागलं. त्या रात्री ते चौदा फोटो पुन्हा बघत बसलो.

खरं तर अवघड चेहऱ्यांची मला सवय होती. एक व्यापारी आहेत, हनुवटीखाली मांस आहे. ते हनुवटी मागं ओढून ताठ बसायचे, त्यानं ती दुप्पट दिसायची. त्यांना सांगितलं, कपाळ माझ्याकडं आणा, मग हनुवटी किंचित खाली. कॅमेरा डोळ्यांच्या थोडा वर घेतला. बसताना विचित्र वाटतं, फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ येते. नाक मोठं दिसतं म्हणून रडवेली झालेली एक मुलगी स्थळासाठीचा फोटो काढायला आली होती. तिच्या नाकात काहीच दोष नव्हता, ती मोबाइल हातभर अंतरावर धरून स्वतःला बघत आली होती. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतं, असा हिशोब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली मांडला आहे. हा खेळ अंतराचा आहे, लेन्सचा नाही. मी दहा बाय बाराच्या खोलीत जवळूनच फोटो काढायचो तेव्हा माझ्याही हातून हेच होत होतं. आता स्टुडिओचं शटर वर करून बाहेरच्या पायरीवर उभा राहतो आणि लांबूनही चेहरा भरून दाखवणाऱ्या ८५ एमएमच्या लेन्सनं सात-आठ फुटांवरून काढतो. त्या मुलीच्या आईनं मात्र जाताना "जरा गोरी करून द्या" म्हटलं. ते मी करत नाही. मुलगी जशी आहे तशी सुंदर आली होती, आणि पुढं ज्या घरात ती जाईल त्यांनी तीच मुलगी बघायला हवी.

पण काकूंचं दुखणं अंतरानं किंवा हनुवटीनं सुटणारं नव्हतं.

मी सरांना विचारून रविवारी दुपारी चारला त्यांच्या घरी गेलो. दिवे नेले नाहीत. कॅमेरा, एक लेन्स आणि थर्मोकोलची एक शीट. त्यांच्या सोप्यातल्या उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर मऊ उजेड येतो, त्या दिवसांत ऊन थेट येत नव्हतं. काकू इरकली नेसून मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, निवडत राहा. फक्त खुर्ची थोडी फिरवली. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला, पुढच्या अंगाला आली. चेहरा किंचित डावीकडं वळला, त्यामुळं उजवा गाल कॅमेऱ्याच्या बाजूला आला आणि डावा पलीकडं, हलक्या सावलीत. ती सावली काळी पडू नये म्हणून डाव्या बाजूला उजेड परतवायला थर्मोकोल उभा केला, नाहीतर डोळा खोल गेल्यासारखा वाटतो. भरल्या गालाच्या माणसाला मी असा बसवत नाही, उजेड पलीकडच्या गालावर टाकतो म्हणजे चेहरा निमुळता होतो. काकूंचा चेहरा मुळात बारीक, ती भीती नव्हती. चष्म्यात खिडकी दिसत होती. काड्या कानांवरून बोटभर वर उचलल्या, काचा जराशा खाली झुकल्या, चकाकी गेली.

आणि हसायला सांगितलं नाही. विचारलं, "काकू, तुमचं माहेर पाटणचं ना? कोयनेचा भूकंप आठवतो का?"

अकरा डिसेंबर १९६७. त्या अठरा वर्षांच्या होत्या. पहाटेच्या अंधारात आईनं हाताला धरून बाहेर कसं ओढलं, भांडी कशी पडली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून कुठं गेली, हे सगळं त्या सांगू लागल्या. हातातली मेथीची काडी तशीच राहिली. मी बोलण्याच्या मधल्या थांब्यांमध्ये फोटो घेत गेलो. शब्द संपतो, ओठ मिटतात आणि माणूस पुढचं आठवत असतो, तेवढा अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात काकूंच्या चेहऱ्यावर आपण कसे दिसतो याचा विचार नव्हता.

लॅपटॉपवर एक फोटो मला फार आवडला. काकूंनी तो बराच वेळ पाहिला. "चांगला आहे रे. पण ही मी नाही वाटत."

तिथं मला सुचलं ते सांगतो. आपण आपला चेहरा आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटा बघतो. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांचेच सुलटे आणि उलटे फोटो दाखवले. त्यांच्यातल्या बहुतेकींनी स्वतःचा आरशातला चेहरा पसंत केला आणि त्यांच्या जवळच्या माणसांनी सुलटा. ज्यांचे दोन्ही गाल सारखे चालतात त्यांना हा फरक जेमतेम जाणवतो. काकूंची पडलेली बाजू आरशात रोज एकीकडं दिसायची आणि फोटोत नेमकी दुसरीकडं. बारा वर्षं त्यांना फोटोत दिसत होतं ते कुणी अनोळखी वाकडं तोंड.

मी काही न बोलता फोटो उलटा केला आणि लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"हां," काकू म्हणाल्या. "ही मी."

सर मागं उभे होते. ते वाकून म्हणाले, "अगं, तुझा पदर उजव्या खांद्यावर कसा? आणि नाकातली चमकी बघ, तीही उजवीकडं!"

काकूंना ते दिसलंच नव्हतं. आरशात पदर रोज त्याच बाजूला दिसतो. त्या हसल्या, तोंडावर हात न नेता, पूर्ण हसल्या. कॅमेरा टेबलावर होता, मी तो उचलला नाही. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि उलट्या-सुलट्याची भानगड समजावून सांगितली. सर सुलट्यावर बोट ठेवून म्हणाले, "मला ही पन्नास वर्षं अशी दिसते. मला हा पाहिजे."

काकू पुन्हा मेथी निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग हाच लावा."

मोठ्या मुलानं नंतर फोनवर विचारलं, कॉम्प्युटरवर ओठ सरळ करता येतील का. येतात. पण उजवा अर्धा कापून डावीकडं चिकटवला की जो चेहरा तयार होतो तो कुणाचाच नसतो, सरांनी तो ओळखलाही नसता. मी फक्त कपाळावर आलेले दोन केस काढले. बारा बाय अठराची प्रिंट मॅट कागदावर काढली, लाकडी फ्रेम केली. हॉलमध्ये ती दारातून आत येताच समोर होती.

काकूंनी माझ्याकडून आणखी एक गोष्ट मागून घेतली. उलट्या फोटोची चार बाय सहाची एक प्रत. चुकून कुणी तीच मोठी करायला देऊ नये म्हणून मी मागं पेन्सिलनं 'उलटा' असं लिहिलं. सर सांगत होते, ती त्यांच्या पोथीत असते.