चार्ल्सटन: रंगवलेलं भाड्याचं घर आणि मागचं खळं

लंडनहून एका दिवसात होते म्हणून गेल्या महिन्यात चार्ल्सटनची ट्रिप केली. ईस्ट ससेक्समध्ये फर्ल गावाजवळ, साउथ डाउन्सच्या टेकड्यांच्या अगदी पायथ्याशी हे जुनं शेतघर आहे. मी निघालो होतो भिंतींवरची चित्रं बघायला आणि निम्मा वेळ गेला मागची कोठारं बघण्यात. त्याला कारण बाबा. ते सध्या इकडे आलेत, जन्म फलटणकडच्या शेतीत गेलेला, आणि म्युझियम म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागतात.

आधी जायचं कसं ते सांगतो. व्हिक्टोरिया स्टेशनवरून लुईसची ट्रेन, तासाहून थोडं जास्त, पुढे टॅक्सीने पंधराएक मिनिटं. परतीची टॅक्सी नुसती ठरवून भागत नाही, निघायच्या तासभर आधी फोन करून पक्की करा. आमची ठरवलेली आलीच नाही, त्यात माझ्या मोबाईलला रेंज नाही, शेवटी तिकीट खिडकीवरच्या बाईंनी फोन लावून दुसरी मागवली. घर आठवडाभर रोज उघडं नसतं आणि आत जायला वेळेचा स्लॉट असतो, त्यामुळे वेबसाईट बघून बुकिंग करूनच निघा.

घर बाहेरून बघाल तर म्हणाल, एवढ्यासाठी आलो का? समोर तळं, त्यामागे साधं कौलारू घर, सगळा डौल काय तो खिडक्यांच्या रांगेत. मूळ बांधकाम काही शतकांपूर्वीचं, मग ज्याला जसं लागलं तसं त्याने वाढवलेलं. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, चित्रकार व्हेनेसा बेल आणि डंकन ग्रँट, आणि लेखक डेव्हिड गार्नेट इथे भाड्याने राहायला आले. ग्रँट आणि गार्नेटचा लढायला नकार होता, आणि तुरुंग टाळायचा तर शेतीसारखं काहीतरी काम करणं भाग होतं, म्हणून शेताजवळचं घर. लाईट नाही, थंडी मरणाची, आणि घर जमीनदाराचं, म्हणजे भिंती पाडायची सोय नाही. मग यांनी भिंती, दारं, फायरप्लेस, कपाटं, पलंग, जे हाताला लागेल ते रंगवून काढलं. भाडेकरूने घरावर एवढा जीव लावलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

जेवणाच्या खोलीत काळ्या भिंतींवर स्टेन्सिलने राखाडी-पिवळी नक्षी आहे. जवळ जाऊन बघा, कुठे रंग दाट बसलाय, कुठे पुसट, दोन ठसे नीट जुळलेले नाहीत, माणसाचा हात लगेच कळतो. टेबलावर लोंबणारी मातीची लॅम्पशेड व्हेनेसाचा मुलगा क्वेंटिनने केलेली, भोकाभोकांची, थेट आपल्याकडची चाळण उलटी टांगल्यासारखी. मागचा मोठा स्टुडिओ १९२५ मध्ये त्यांचा मित्र, चित्रकार आणि कलासमीक्षक रॉजर फ्राय याच्या आराखड्यावरून बांधला, त्याची खिडकी उंच आणि उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि चित्र काढायला उजेड दिवसभर एकसारखा मिळतो.

वर यांचा मित्र, अर्थतज्ज्ञ केन्स याची खोली आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर तुटून पडणारं पुस्तक त्याने १९१९ मध्ये इथेच लिहिलं. मी बाबांना म्हटलं, याच माणसाने १९१३ साली भारताच्या चलनावर पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यातली भूमिका बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयावरच्या प्रबंधात खोडून काढली. तोपर्यंत घड्याळ बघणारे बाबा एकदम नीट उभे राहिले आणि खोलीभर नजर फिरवली. म्हणाले, "खोली लहानच आहे की."

मागच्या अंगणात आलो तशी त्यांची गुडघेदुखी पळाली. इथली कोठारं अठराव्या शतकातली, १९८० च्या दशकात आगीत जळून बरीच पडली होती. २०१८ मध्ये ती पुन्हा उभी केली, आर्किटेक्ट जुलियन हॅरप यांच्या ऑफिसने. आता एकात खाणंपिणं, दुसऱ्यात कार्यक्रमांचा हॉल. या भागात डोंगर चुनखडीचे, त्या मऊ खडूत घर बांधण्याजोगा दगड फारसा नाही पण गारगोट्या भरपूर, म्हणून भिंती गारगोट्यांच्या. पण गारगोटीचा कोपरा काटकोनात निघत नाही, म्हणून कोपरे आणि दारंखिडक्यांच्या कडा विटांच्या. आत मान वर केली की ओकचा उघडा सांगाडा दिसतो.

मी खायची ऑर्डर द्यायला गेलो तर बाबा दारातच उभे.

"अरे, हे खळं आहे."

"खळं? छप्पर आहे की याला."

"मग? हा पावसाचा देश, उघड्यावर कसं मळतील हे? ही मोठी दारं समोरासमोर कशाला ठेवलीत मग? वारा आरपार जायला. मधल्या जमिनीवर मळायचं आणि तिथंच उफणायचं, भूस दारातून बाहेर."

मी तिथला माहितीफलक वाचायचं सोडून दिलं.

शेजारी नवीन गॅलऱ्या आहेत, जेमी फोबर्ट या आर्किटेक्टच्या, त्याच २०१८ मधल्या. बाहेरून कॉर्टेन स्टील लावलंय, म्हणजे मुद्दाम गंजू दिलेला पत्रा. वरचा गंजाचा थर घट्ट बसतो आणि आतलं पोलाद टिकतं. बाबांचं मत, "गंजका पत्रा आमच्याकडे फुकट मिळाला असता." मला मात्र आवडलं. तो तांबूस रंग जुन्या कौलांशेजारी खपून जातो आणि तरी नवीन जुन्याचं सोंग घेत नाही. खोटी कौलं, खोटी लाकडं लावून हुबेहूब 'जुनं' केलं असतं तर जास्त वाईट दिसलं असतं.

जाणाऱ्यांनी माझ्यासारखं उलट करू नका, आधी अंगणात आणि कोठारात फिरा, मग घरात शिरा, म्हणजे हे मुळात शेतावरचं साधं घर होतं हे डोक्यात ठेवून रंग बघता येतात. बागेसाठी वेगळा तास ठेवा. बूट साधे, चिखल चालेल असे घाला. आतले जिने अरुंद आहेत, सोबत वयस्कर कोणी असेल तर आधी फोन करून विचारा.

व्हेनेसा, ग्रँट आणि क्वेंटिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जवळच्या बर्विक गावातलं चर्चही आतून रंगवलंय. टॅक्सीच्या भानगडीत आमचं ते राहिलं. तुम्ही सकाळी आधी तिकडे जा आणि मग चार्ल्सटनला या.