शेकडा, पण कशाचा?

एका पतसंस्थेच्या लिपिक पदासाठी मी पहिल्यांदा लेखी परीक्षा दिली, तेव्हा अंकगणिताच्या वीस प्रश्नांपैकी आठ प्रश्न शेकडेवारीचे होते आणि त्यांतले माझे दोनच बरोबर आले. बारावीनंतर लग्न झाले, शिक्षण थांबले, तरी आकड्यांशी माझा संबंध तुटलेला नव्हता. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात नऊ वर्षे बचत गटाची सचिव म्हणून वही मीच लिहीत आले आहे आणि दरमहाचे व्याजही मीच काढते. त्यामुळे सहा प्रश्न चुकल्याच्या दुःखापेक्षा ते चुकले कसे, याचेच कोडे मला अधिक पडले.

घरी आल्यावर आठवले तेवढे प्रश्न वहीत उतरवून काढले. त्यांतला एक असा होता : शेकडा 20 सूट मिळून एक साडी 960 रुपयांना पडली, तर तिची छापील किंमत किती? मी 960 चे 20 टक्के म्हणजे 192 काढून ते 960 मध्ये मिळवले होते, आणि 1152 हा आकडा पर्यायांत दिसताच निःशंक मनाने त्यावर खूण केली होती. असा पर्याय माझ्यासारख्या घाईने सोडवणाऱ्यांसाठीच मांडून ठेवलेला असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

आठवीत शिकणाऱ्या मुलीला ते उदाहरण दाखवले. तिने चौकटींच्या वहीत एक लांब पट्टी आखली, तिचे पाच सारखे खण पाडले आणि शेवटच्या खणावर पेन्सिलीने रेघोट्या मारल्या. "आई, वीस टक्के म्हणजे पाचातला एक खण. तो दुकानदाराने सोडला. उरलेल्या चार खणांचे 960 झाले, तर एकाचे किती?" एकाचे 240, पाचांचे 1200. मी ताळा करून पाहिला. 1200 चे 20 टक्के 240, ते वजा केले की 960 उरतात. मग माझ्या 1152 चाही ताळा केला, तर सूट 230 रुपये 40 पैसे आणि साडीची किंमत 921 रुपये 60 पैसे निघाली. परीक्षेत हा ताळा करायला अर्धे मिनिटही लागले नसते.

गुणाकार-बेरीज माझी कुठेच चुकली नव्हती. सूट छापील किमतीवर दिलेली होती आणि मी टक्के काढले होते ते सूट जाऊन उरलेल्या रकमेचे. शेकडा वीस, पण कशाचे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. त्या रात्री तेच एक उदाहरण मी एका पानावर चार तऱ्हांनी सोडवले. शाळेत शिकलेल्या एकमान पद्धतीने, 80 रुपयांना पडणाऱ्या साडीची छापील किंमत 100, म्हणून एका रुपयामागे 100 भागिले 80, आणि 960 रुपयांमागे त्याची 960 पट. त्रैराशिकाने तेच, मधली पायरी गाळून. मुलीच्या पुस्तकातल्या रीतीने, क्ष गुणिले 0.8 बरोबर 960. आणि चौथी तिची पट्टी. चारही रीतींत 960 हा आकडा 80 च्या समोर येत होता, 100 च्या समोर नव्हे. माझ्या चुकीच्या उत्तरात मात्र मी त्याला 100 च्या जागी बसवले होते.

पुढचे तीन महिने रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर तासभर सराव केला. एकाच पद्धतीला चिकटून राहायचे असे आधी ठरवले होते, पण ते जमले नाही आणि जमले नाही हेच बरे झाले, कारण पट्टीचे पाच, चार किंवा दहा खण पाडणे सोपे असले तरी 17 टक्क्यांची पट्टी कोणी आखायची? 2350 चे 18 टक्के काढायचे असतील, तर दहा टक्क्यांचे 235, पाचाचे त्याच्या निम्मे 117.50 आणि एकेका टक्क्याचे 23.50 प्रमाणे तिघांचे 70.50, अशी तोड करून 423 तोंडीच निघतात. त्याहून जवळची वाट म्हणजे वीस टक्क्यांच्या 470 मधून दोन टक्क्यांचे 47 वजा करणे. तसेच 50 चे 8 टक्के आणि 8 चे 50 टक्के सारखेच, हे कळल्यावर मला एखादी लपवलेली किल्ली सापडल्यासारखे वाटले. 25 चे 36 टक्के विचारले, तर 36 चा पाव काढून मोकळे व्हावे.

पाव काढण्यात आमच्या सासऱ्यांचा हात धरणारे घरात कोणी नाही. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत असत, आणि नवे पैसे 1957 च्या एप्रिलमध्ये आले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, म्हणून आण्यांचा हिशेब त्यांच्या जिभेवर राहिला आहे. मी 640 चे साडेसदतीस टक्के करताना दशांशचिन्हांत अडकले होते. ओसरीवरून ते म्हणाले, "सूनबाई, साडेबारा म्हणजे रुपयाला चवली, दोन आणे. साडेसदतीस म्हणजे तीन चवल्या. सहाशे चाळीसचा आठवा हिस्सा किती? ऐंशी. त्याची तिप्पट करा." उत्तर 240. रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे सव्वासहा टक्क्यांचा एक आणा, साडेबाराची चवली, पंचवीसची पावली, असा सगळा हिशेब नेमका बसतो. तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्केसुद्धा, बारा पैंचा एक आणा धरून, पाच आणे चार पै होतात. वीस टक्क्यांपाशी मात्र आबांचे आणे अडखळतात, आणि तिथे नातीची पट्टी कामाला येते.

आबांच्या सवायकीने आणखी एक अवघड प्रकार सोपा झाला. साखरेचा भाव शेकडा 25 ने वाढला, तर खर्च तोच राहावा म्हणून वापर शेकडा कितीने कमी करावा, हा प्रश्न सरावाच्या प्रत्येक पुस्तकात भेटतो आणि माझे हमखास उत्तर 25 येत असे. भाव सव्वापट, म्हणजे चाराचे पाच झाले. म्हणून वापर पाचाचा चार करायचा, अर्थात पाचातला एक भाग, म्हणजे शेकडा 20 सोडायचा. वाढ चारावर मोजायची आणि कपात पाचावर.

काही उदाहरणे पुस्तकाबाहेर, रोजच्या व्यवहारातच भेटली. एका कापड दुकानात ‘50 टक्के + 20 टक्के सूट’ असा फलक पाहून मी 1500 रुपयांचा ड्रेस 450 ला मिळेल असे धरून चालले आणि काउंटरवर 600 मागितल्यावर हुज्जतही घातली. शंभरावर हिशेब केला असता, तर पहिल्या सुटीने 50 आणि त्या पन्नासावरच्या वीस टक्क्यांनी 40 उरतात हे जागीच दिसले असते. एकूण सूट 60 टक्के, 70 नव्हे. फलक खोटा नव्हता, पण त्या बेरजेच्या चिन्हाबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

एसटीचे भाडे जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा साताऱ्याच्या गाडीत एक मैत्रीण म्हणाली, "आपल्याला अर्धे तिकीट, म्हणजे आपल्याला वाढ साडेसातच टक्के." मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे पडते, हे खरे. 100 रुपयांचे तिकीट सुमारे 115 झाले, तर आमचे 50 चे 57.50 होते, म्हणजे रुपयांत वाढ निम्मी असली तरी पन्नासावर मोजल्यास ती 15 टक्केच राहते. हे तिला पटवण्यात गाडी स्टँडवर पोचली.

त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून अंगाचा साबण, शाम्पू आणि टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. सगळे म्हणू लागले की वस्तू 13 टक्क्यांनी स्वस्त होणार, आणि मीही आधी तेच म्हणाले. मात्र कर मूळ किमतीवर बसतो आणि आपण मोजतो ती करासह किंमत. मूळ किंमत 100 मानली, तर आधी 118 द्यावे लागत होते, आता 105. 13 रुपये कमी झाले ते 118 मधून, म्हणजे सुमारे 11 टक्के. अशा उलट्या हिशेबात करासह रकमेला 1.18 ने भागून मूळ किंमत काढण्याची गुणकाची रीत मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन लागोपाठ बदलांसाठी पुस्तकांत दिलेली सूत्रे मी पाठ केली होती, पण अधिक-उणे चिन्हांत माझा घोळ होत राहिला, म्हणून ती सोडून दिली.

आधी शंभर मानून चालायचे, ही युक्ती किती जुनी आहे ते मला गावच्या वाचनालयात कळले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इसवी सन 1150 च्या सुमारास, तिला इष्टकर्म म्हटले आहे : सोयीची कोणतीही संख्या मानावी, प्रश्नात सांगितलेल्या क्रिया तिच्यावर कराव्यात आणि आलेल्या उत्तरावरून खऱ्या संख्येचे प्रमाण काढावे. त्याच ग्रंथात पंचराशिकाचे, म्हणजे पाच दिलेल्या संख्यांवरून सहावी काढण्याचे, एक उदाहरण आहे, ज्यात शंभरास दरमहा पाच व्याज, तर सोळांचे वर्षाचे व्याज किती असे विचारले आहे. उत्तर साडेनऊहून थोडे अधिक, नेमके 9.6 येते. सोळा रुपयांवर वर्षाला साडेनऊ! द.सा.द.शे. साठ झाले. दर महिन्याचा आणि वर्षाचा, हा फरक विसरला तर काय होते, हे त्या उदाहरणाने मला आमच्या गटाच्या वहीपाशी आणून सोडले.

आमच्या गटात कर्जाला शेकडा दोन व्याज आहे. "बँक बारा टक्के घेते, आपण दोनच," असे बायका कौतुकाने म्हणत, आणि मीही मान डोलावत असे. आमचे दोन महिन्याचे आहेत, म्हणजे द.सा.द.शे. 24. शिवाय वहीत नुसतेच ‘व्याज 2 टक्के’ लिहिलेले होते. 10000 रुपये कर्ज घेऊन दरमहा 1000 मुद्दल फेडणारीकडून सुरुवातीच्या रकमेवर व्याज घेतले, तर दहा महिन्यांत 200 प्रमाणे 2000 होतात. शिल्लक मुदलावर घेतले, तर 200, 180, 160 असे उतरत 20 पर्यंत येते आणि एकूण 1100 होतात. दर तोच, तरी फरक 900 रुपयांचा. मी शिल्लक मुदलावर काढत होते, पण माझ्या आधीच्या वहीत तसे नव्हते, आणि कोणी विचारले असते तर दाखवायला लेखी काहीच नव्हते.

दुसऱ्या परीक्षेत शेकडेवारीचे सात प्रश्न आले. प्रत्येक प्रश्न वाचताना ‘चे’ किंवा ‘वर’ या अक्षरांखाली रेघ ओढायची आणि मगच पद्धत निवडायची, एवढे ठरवून गेले होते. दोन प्रश्न आबांच्या अपूर्णांकांनी सुटले, तीन शंभर मानून, एक गुणकाने. सातवा मिश्रणाचा होता, त्यात अडकून पडण्यापेक्षा मी तो सोडून दिला. लेखी परीक्षेत निवड झाली आणि मुलाखत अजून व्हायची आहे.

पुढच्या मासिक सभेत मी वहीचे नवे पान काढले, पट्टी धरून रकाने आखले आणि व्याजाच्या रकान्यावर ‘शिल्लक मुदलावर, दरमहा शेकडा 2’ असे लिहून सगळ्यांना वाचून दाखवले. कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी मागच्या कर्जाची पावती कमरेच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मग हे कशावर धरलं होतं, तेवढं बघून सांग."