बोटांनी बारा फेरे गेला आणि थांबला

माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या त्या मुलाने घरी दुचाकीचा स्पार्क प्लग बदलताना चूक अशी काही केलीच नव्हती. इंजिन रात्रभर थंड केलेलं. कॅप वायरला धरून न ओढता कॅपलाच धरून काढलेली. प्लगच्या खड्ड्यातली माती सायकलच्या पंपाने उडवलेली, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी बोटांनी बसवलेला, पाना शेवटी लावलेला. एवढं आमच्याकडची पोरं करत नाहीत.

गाडी सव्वाशे सीसीची, २०२० च्या आधीची कार्ब्युरेटरवाली. तक्रार अशी की सकाळी सेल्फ घेत नाही, स्लोमध्ये मिसिंग मारते, ॲव्हरेज पडलं. माझ्याकडे येईपर्यंत कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला होता, एअर फिल्टर नवा होता, कुणीतरी कॉइलही बदलायला सांगितली होती.

प्लग काढला. टोक काळंभोर, कोरडी काजळी. म्हणजे मिक्स्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. ब्रश मारला, गॅप बघितला, कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवला, शंभर रुपये घेतले. पंधरा दिवसांनी गाडी परत दारात.

दुसऱ्यांदा काढलेला प्लग नव्याशेजारी फडक्यावर ठेवला तेव्हा दिसलं. जुन्याचे आटे आखूड होते.

एनजीके या प्लग कंपनीच्या कोडमध्ये पहिलं अक्षर सी म्हणजे १० मिमीचे आटे, १६ मिमीचा पाना. आकडा उष्णतेचा, मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. आकड्यानंतरचं अक्षर मात्र कुणी वाचत नाही. एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी, ई म्हणजे १९. या गाडीला हवा होता सीपीआर ८ ईए-९, दुकानदाराने दिला होता सीआर ७ एचएसए. आटे तेच, पाना तोच, कॅप तीच. वॉशर हेडवर, म्हणजे सिलेंडरच्या झाकणावर, नीट टेकतो, कुठे गळत नाही. बसतो म्हणजे चालतो, हे आमच्या बाजाराचं ब्रीद. पण ठिणगी सहा मिमी वर, भोकाच्या आत पडते. तिथे ताजं मिक्स्चर नीट पोचत नाही आणि काजळी धरते. उलटं झालं असतं, आखूड हेडमध्ये लांब प्लग, तर पिस्टनला ठोकर बसायचीही भीती.

आता योग्य प्लग. बोटांनी फिरवायला घेतला. आट्याचं अंतर १ मिमी, म्हणजे एका फेऱ्याला १ मिमी आत. बारा फेरे लोण्यासारखा गेला आणि थांबला. सहा-एक फेरे बाकी. आमच्याकडचा पोरगा तोवर लांब दांडीचा पाना घेऊन आला होता. त्याने एक झटका दिला असता तर ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर बाहेर आले असते. मग हेड उतरवा, टर्नरकडे न्या, नव्या आट्यांचं बुश मारा.

खालचे आटे इतके महिने उघडे राहिल्याने त्यांत कार्बन भरून पक्का झाला होता. पिस्टन खाली घेतला. भोकातून प्लॅस्टिकची स्ट्रॉ सोडून हळूहळू इंजिन फिरवायचं, स्ट्रॉ सगळ्यात खाली गेली की थांबायचं. मग आटे साफ करायला १० बाय १ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, त्याच्या खाचांत ग्रीस थापलेलं, म्हणजे कार्बन त्याला चिकटून वर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. बाहेर काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस, पुन्हा आत. चार खेपांत ग्रीस स्वच्छ येऊ लागलं. मग चावी बंद ठेवून, भोकावर फडकं धरून पाच-सहा किका. फडक्यावर काळी कणी पडली.

प्लग आता बोटांनीच तळापर्यंत गेला. त्यापुढे पान्याने अर्धा फेरा, त्यात वॉशर दबताना हाताला कळतो. तोच प्लग काढून परत लावायचा असेल तर अर्धा नाही, जेमतेम बारावा हिस्सा, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. टॉर्क पाना असेल तर १० ते १२ न्यूटन-मीटर. गॅरेजमध्ये तो असतो कुणाकडे? माझ्याकडेही नाही. प्लगचा पाना तीन बोटांत धरायचा, मुठीत नाही.

गाडी अर्ध्या सेल्फला लागली. स्लो स्थिर. मी फिरवलेला स्क्रू परत जागेवर आणावा लागला.

पण माझ्याआधी दोघांनी तो प्लग काढला होता आणि मी तिसरा. तिघांनीही टोकाचा रंग पाहिला. आटे मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण काळं टोक दिसलं की हात आपोआप कार्ब्युरेटरकडे जातो. त्या मुलाने कंपनीचा मूळ प्लग फेकून दिला नसता आणि दुकानात नमुना म्हणून नेला असता, तर हे घडलंच नसतं. ते शंभर रुपये मी त्याच्या बिलातून वजा केले.

जाताना तो आखूड प्लग मागत होता, टूलकिटमध्ये स्पेअर म्हणून ठेवायला. पकडीत धरून त्याची पांढरी चिनीमाती फोडली आणि मग हातात दिला.