कडप्प्याच्या ओट्याखाली सॉफ्ट क्लोज

अमळनेरच्या एका स्वयंपाकघराचं काम आलं तेव्हा घरच्यांची अट एकच होती, खण आपटले नाही पाहिजेत. ओट्याखालच्या जुन्या स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या काढायच्या आणि तिथे प्लायचे सॉफ्ट क्लोज खण बसवायचे. वर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याच्या उभ्या फरशा, आणि त्यातलं काहीही तोडायचं नाही. धुळ्यात माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, खण ज्यावर पुढे-मागे सरकतो ते टेलिस्कोपिक चॅनेल रोजच्या हाताखालचं. पण साड्यांच्या खणाला जे चालतं ते पिठाच्या डब्यांना चालेलच असं नाही.

आधी माप घेतलं. गवंडी कडप्पा लावतो तो ओटा पेलायला, सुताराच्या सोयीसाठी नव्हे. समोरून 30 इंच भरणारा गाळा मागे दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी होता, शिवाय एक फरशी ओळंब्यात नव्हती. साध्या चॅनेलला हे थोडंफार खपतं. सॉफ्ट क्लोजला खपत नाही. त्यात शेवटच्या दीड-दोन इंचांत स्प्रिंग खण आत ओढते आणि तेलाचा छोटा डॅम्पर त्या ओढीला आवर घालतो. दोन चॅनेल एकमेकांना समांतर नसली की स्प्रिंगची ताकद घासण्यातच संपते, खण बोटभर उघडा राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब निघाला. बहुतेक वेळा माल बरा असतो, खणाभोवतीची पेटी वाकडी असते. म्हणून कडप्प्याला थेट काही न लावता गाळ्याच्या सगळ्यात अरुंद मापाचा 18 मिमी प्लायचा कार्कस, म्हणजे तीच बाहेरची पेटी, केला, गुण्यात (काटकोनात) धरून आत सरकवला आणि उरलेल्या फटीत पट्ट्या ठोकल्या.

मग वजन. चॅनेलच्या पेटीवर 35 किलो, 45 किलो असं छापलेलं असतं ते जोडीचं, आणि त्यात खणाचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. हे पुष्कळ जण विसरतात. मी घरातला धान्याचा काटा मागून घेतला आणि खालच्या खणात जाणारे डबे त्यावर ठेवायला लावले: कळण्याचं पीठ, तांदूळ, डाळी. पंचवीस किलोच्या वर गेलं. प्लायचा खण दर्शनी पाटीसकट सात-आठ किलोचा धरला तर 35 चं चॅनेल पहिल्या दिवसापासूनच काठावर. खालच्या दोन्ही खणांना 45 चं ठरवलं. आजी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, एका खणले इतला पैसा काबर लावस?" मांड्यांचं खापरही खणातच ठेवायचा त्यांचा विचार होता. तेवढा मात्र मी मोडून काढला.

वरच्या चमच्या-सुऱ्यांच्या खणाला अंडरमाउंट चॅनेल घ्यायचं ठरवलं. ते खणाच्या तळाखाली बसतं, त्यामुळे दिसत नाही आणि पीठ, जिरं, मोहरी त्यात सांडत नाही. बाजूच्या टेलिस्कोपिकमध्ये हेच सांडलेलं आतल्या बेअरिंगच्या बॉलपर्यंत जातं. किंमत मात्र तिपटीच्या आसपास, आणि हिशेबही वेगळा. टेलिस्कोपिकला प्रत्येक बाजूला 12.7 मिमी, म्हणजे बरोबर चार सूत जागा सोडली की झालं. अंडरमाउंटला बहुतेक कंपन्यांच्या कॅटलॉगात खणाची आतली रुंदी दिलेली असते: कार्कसच्या आतल्या मापातून 42 मिमी वजा. ते धरून चालताना खणाची बाजू 16 मिमीपेक्षा जाड चालत नाही, तळ अर्धा इंच वर घ्यावा लागतो आणि मागच्या पाटीला हुकासाठी खाच आणि भोक पाडावं लागतं. आपल्याकडे 18 चा प्लाय सगळीकडे मिळतो, 16 चा मागून मिळेल याची खात्री नाही. मी 12 चा प्लाय घेऊन दोन्ही अंगांना मायका लावला, चौदाच्या आत बसलं.

मायक्याचं गणित खणाच्या मापात धरलंच पाहिजे. माझा कार्कस आतून 720 मिमी होता. दोन्ही अंगांना 0.8 चा लायनर, म्हणजे आतला पातळ मायका, लागल्यावर राहिला 718.4. त्यातून 25.4 गेले, म्हणजे खालच्या खणाची बाहेरची रुंदी मायक्यासकट 693. मी 692.5 धरली, कारण खण केसभर कमी असला तर वॉशर घालता येतो. जास्त झाला तर रंधा मारायलाही वाव नसतो, मायका लागलेला असतो.

धुळ्यात टेलिस्कोपिकची कमतरता नाही. आग्रा रोडवर आणि गल्ल्यागल्ल्यांत हार्डवेअरची दुकानं आहेत. हेटिच, हाफेले ही जर्मन नावं, ब्लम हे ऑस्ट्रियाचं, एबको हे आपल्या मुंबईचं, आणि त्याशिवाय नावाशिवायचा ढीगभर माल. दुकानदार हमखास सांगतो, "सेम टू सेम आहे." मी जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात ठेवतो. जोडी पूर्ण ओढायची आणि टोकाला धरून आडवी हलवायची. खेळ जास्त असेल तर तो जड खणाला झुलवणार. पत्र्याची जाडी मोजायची: एक मिमीचा पत्रा हलक्या कामाला ठीक, 45 किलोच्या दाव्याला नाही. बॉलची जाळी स्टीलची की प्लास्टिकची तेही बघायचं. एका दुकानात 45 किलो छापलेल्या पेटीतला पत्रा एक मिमीही भरला नाही, तो तिथेच ठेवला.

अंडरमाउंट हव्या त्या लांबीत इथे तयार मिळालं नाही. नाशिकच्या एका डीलरकडून ट्रान्सपोर्टने मागवलं. मागवण्याआधी फोनवर खुंटा बळकट करून घेतला, कारण समोरचे लॉक काही कंपन्या वेगळे विकतात आणि पार्सलमध्ये ते नसले तर खण चॅनेलवर नुसता ठेवल्यासारखा राहतो. बिल्टी हातात येईपर्यंत मी वरच्या खणाचा प्लाय कापला नाही. मालक थोडे कुरकुरले. पण कॅटलॉग एका मॉडेलचा आणि पेटीत माल दुसऱ्याचा, हे या धंद्यात नवं नाही.

बसवताना जपलं ते धुळीपासून. त्याच घरात फरशी कापायचं काम चालू होतं, आणि ती बारीक भुकटी चॅनेलच्या ग्रीसमध्ये गेली की कायमची खरखर. चॅनेल सगळ्यात शेवटी उघडली. आधी प्रत्येकाला लांबट भोकातले स्क्रू लावले, खण घालून पुढे-मागे करून जुळवलं, मगच गोल भोकातले आवळले. उरलेली भुकटी सुक्या ब्रशने झाडली. चॅनेलवर गंज काढायचा स्प्रे मारणारे पुष्कळ भेटतात. त्याने आतलं ग्रीस धुऊन निघतं.

घरच्यांना दोन गोष्टी सांगितल्या. खण बंद होताना हाताने दाबायचा नाही, आणि उन्हाळ्यात तो थोडा लवकर मिटला तर घाबरायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा डॅम्परचं तेल पातळ होतं. पुढेमागे एखादं चॅनेल बदलावं लागलं तर दुकानदार आधी मॉडेल विचारतो, म्हणून पेट्यांवरची लेबलं कापून प्रत्येक खणाच्या मागच्या पाटीला बाहेरून चिकटवून दिली. जास्तीची एक जोडी त्यांच्याच माळ्यावर ठेवली आणि बिलात लावली.