सत्तावीसचे सव्वीस

मराठी विकिपीडियावर एखाद्या विमान कंपनीचं पान उघडलं, की खाली कुठेतरी ‘ताफा’ या मथळ्याचा तक्ता असतो. विमानाचा प्रकार, सेवेत किती, मागणी नोंदवलेली किती, आसनं किती आणि शेवटी शेरा. बहुतेक वाचक तो ओलांडून पुढे जातात. मी मात्र गेली काही वर्षं याच तक्त्यांची देखभाल करते.

दिवसा मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. सांगलीतून विमान उडत नाही. कवलापूरची जुनी धावपट्टी नुसती पडून आहे आणि जवळचा विमानतळ म्हणजे कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. मग हा नाद तुला कुठून लागला, असं घरीदारी विचारतात. खातेवहीत वखारीतल्या पोत्यांचा आकडा लिहिताना जे लागतं तेच इथंही लागतं: तारीख आणि पावती. विमान डोळ्यांनी बघायची गरज पडत नाही. उलट डोळ्यांनी बघितलेल्याचाच आम्हाला जास्त त्रास होतो. कुणीतरी उजळाईवाडीला स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ उतरताना बघतं, आनंदानं घरी येतं आणि तक्त्यात एक विमान वाढवून टाकतं. ते विमान आधीच मोजलेलं असतं. ती माणसं हौशी आणि प्रामाणिक असतात, म्हणून त्यांचं संपादन उलटवताना मी कारण नेहमी सविस्तर लिहिते.

आकडा घ्यायचा तो कंपनीच्या पत्रकातून, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या माहितीतून, नाहीतर बोइंग आणि एअरबस दर महिन्याला किती विमानं सुपूर्द केली ते जाहीर करतात त्यातून. एवढं करूनही वाद होतातच. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा विस्ताराची ७० विमानं एका रात्रीत इकडून तिकडे न्यायची होती. रंग अजून जांभळाच, शेपटीजवळची नोंदणीची अक्षरंही तीच, मग ती एअर इंडियाची कशी, असं काहींचं म्हणणं. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी ठरलं, की विमान ज्या कंपनीच्या परवान्यावर उडतं त्या कंपनीच्या तक्त्यात ते मोजायचं. रंगाचं शेऱ्यात लिहायचं. त्यामुळे एअर इंडियाच्या तक्त्यात ड्रीमलायनरच्या, म्हणजे बोइंग ७८७ च्या, दोन ओळी झाल्या: कंपनीची स्वतःची २७ बोइंग ७८७-८ आणि विस्ताराकडून आलेली ७ बोइंग ७८७-९. या दोन ओळी पुढं महत्त्वाच्या ठरणार होत्या.

१२ जून २०२५, गुरुवार. सौदे आटोपले होते, मी पट्ट्या लिहीत बसले होते. दुकानातल्या टीव्हीवर अहमदाबादचा धूर दिसायला लागला आणि हमालांपासून शेठजींपर्यंत सगळे टीव्हीपुढे येऊन उभे राहिले. लंडनच्या गॅटविकला निघालेलं एअर इंडियाचं एआय १७१ दुपारी १ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास उडालं आणि काही सेकंदांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमान ७८७-८. जगात २०११ पासून प्रवासी वाहतुकीत असलेल्या ड्रीमलायनरचा हा पहिला प्राणघातक अपघात.

मी मोबाईलवर पहाऱ्याची सूची उघडली, म्हणजे लक्ष ठेवलेल्या पानांवरचे ताजे बदल दाखवणारी यादी. एअर इंडियाच्या पानावर संपादनांची रांग लागली होती. कुणी मृतांचा आकडा भरत होतं, कुणी तो वाढवत होतं. कुणी पक्षी धडकल्याचं लिहिलं, कुणी पंखांच्या फ्लॅपचं (उड्डाणाच्या वेळी उघडायच्या झडपांचं), कुणी थेट वैमानिकांवर घसरलं. ‘कोणीही वाचलं नाही’ हे वाक्य तर पुन्हा पुन्हा येत होतं आणि त्याला वाहिन्यांचे संदर्भही होते, कारण सुरुवातीला पोलिसांकडूनच तशी माहिती आली होती. संध्याकाळपर्यंत कळलं, की एक प्रवासी वाचला आहे. जळत्या विमानातून एक माणूस चालत बाहेर आला आणि आमच्या पानावर तो काही तास मेलेला होता. त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

विमान नेमकं कोणतं, हे उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवरून लवकरच बाहेर आलं: नोंदणी व्हीटी-एएनबी, जानेवारी २०१४ मध्ये एअर इंडियाला मिळालेलं. एअर इंडियानं विमानात २४२ जण असल्याचं सांगितलं. २३० प्रवासी आणि १२ कर्मचारी. प्रवाशांत १६९ भारतीय, ५३ ब्रिटिश, ७ पोर्तुगीज आणि एक कॅनेडियन. एवढ्या गोष्टी पक्क्या होत्या, त्या संदर्भासह राहिल्या. कारणांबद्दलचं सगळं आम्ही दोघातिघांनी काढलं आणि नोंदणी नसलेल्या संपादकांसाठी पान काही काळ बंद ठेवावं, अशी प्रचालकांना, म्हणजे पानं कुलूपबंद करण्याचे अधिकार असलेल्या संपादकांना, विनंती केली.

तेवढ्यात मिरजेच्या एका मुलाचा फोन आला. अभियांत्रिकीला आहे, नव्यानंच लिहायला लागलाय आणि विमानांबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

“ताई, सत्तावीसचे सव्वीस करू का?”

“संदर्भ काय देणार?”

“अहो, सगळं जग टीव्हीवर बघतंय की.”

“तक्त्याखाली काय लिहिलंय ते वाच बरं.”

त्यानं वाचलं. आकडा कोणत्या महिन्याचा आहे आणि कुठून घेतलाय, ते तिथं लिहिलेलं होतं.

“त्या महिन्यात किती होती?”

“सत्तावीस.”

“मग तू सव्वीस लिहिलंस आणि खाली तोच संदर्भ ठेवलास, तर तो कागद जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घातल्यासारखं होईल.”

तो जरा थांबला आणि म्हणाला, “ते पटतंय ताई. पण सेवेत सत्तावीस, असं आज दिसणं बरं नाही. ज्याच्या घरचं माणूस त्या विमानात होतं त्यानं हे पान उघडलं तर?”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि नियमाच्या पुस्तकात त्याला उत्तर नव्हतं. तक्ता आम्ही वाचकासाठी ठेवतो, आणि त्या दिवशीचा वाचक नेहमीसारखा हौशी नव्हता. आम्ही फोनवरच वाक्य जुळवलं. आकडा आणि त्याची तारीख तशीच ठेवायची. ७८७-८ च्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: व्हीटी-एएनबी हे विमान १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे अपघातात नष्ट झाले, शेजारचा आकडा त्याआधीचा आहे. खाली त्या दिवसाचा संदर्भ. ‘नष्ट’च्या जागी त्यानं आधी ‘वगळले’ लिहिलं होतं, तो शब्द त्यानं आपणहूनच बदलला.

हे टिकवायला रात्र गेली. लोक येत, २६ करत, जुना संदर्भ तसाच ठेवून निघून जात. एकानं ओळच काढून टाकली, म्हणजे २७ विमानं गेली. एकानं चर्चा पानावर लिहिलं, की अडीचशे माणसं गेली असताना तुम्ही एका आकड्यावर अडून बसता, तुम्हाला माणुसकी आहे का? मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसले. मग उत्तर लिहिलं, की त्या विमानाचं नाव, तारीख आणि ठिकाण आम्ही तक्त्यात लिहून ठेवलं आहे, आणि तुमच्या बदलानं ते पुसलं जात होतं. सत्तावीसचे गुपचूप सव्वीस झाले असते तर एक विमान कमी का झालं, हे पाच वर्षांनी कुणाला कळलंही नसतं. त्यावर त्यांचं काही आलं नाही, पण शेरा राहिला.

दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, डीजीसीएनं एअर इंडियाच्या ७८७-८ आणि ७८७-९ विमानांच्या जादा तपासणीचा आदेश काढला. तपासणीच्या बातम्यांत ३३ हा आकडा यायला लागला आणि नवा गोंधळ झाला. कुणीतरी ७८७-८ च्या ओळीतच ३३ लिहिलं. ३३ ही दोन्ही प्रकारांची बेरीज होती: २६ आणि ७. तशी फोड सांगणारा संदर्भ मिळाल्यावर मिरजेच्या मुलानंच सव्वीस लिहिलं, नव्या तारखेसह. शेऱ्यातलं वाक्य त्यानं तसंच ठेवलं, फक्त ‘शेजारचा आकडा त्याआधीचा आहे’ एवढा भाग काढला.

अपघाताचं वेगळं पान झालं आणि मृतांचा आकडा कालांतरानं २६० वर स्थिरावला. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९. १२ जुलैला विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतरानं ‘रन’वरून (इंधन चालू) ‘कटऑफ’वर (इंधन बंद) गेले, एवढं त्यात होतं. ते का गेले, याचा निष्कर्ष त्यात नव्हता. पहिल्या दिवशी आमच्या पानावर छातीठोकपणे लिहिल्या गेलेल्या पक्ष्याला आणि फ्लॅपला त्या अहवालात आधार मिळाला नाही. विमानतळाच्या जवळपास पक्ष्यांची विशेष हालचाल दिसली नाही आणि फ्लॅप उड्डाणासाठी योग्य स्थितीत होते, असं त्यात नोंदवलं होतं.

त्याच जुलैत उरलेल्या २६ पैकी पहिलं विमान अंतर्गत नूतनीकरणासाठी कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलला गेलं. म्हणजे आसनांचा रकाना बदलणार होता. तोवर तिथं २५६ हा एकच आकडा होता, १८ बिझनेस आणि २३८ इकॉनॉमी. काम होऊन विमानं परत येतील तशा एकाच प्रकाराच्या दोन ओळी कराव्या लागणार होत्या. मुलाचा लगेच प्रश्न आला, की महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभं असलेलं विमान ‘सेवेत’ मोजायचं का. माझं मत, मोजायचं. परवाना आणि नोंदणी कंपनीकडेच आहे, शेऱ्यात ‘नूतनीकरणासाठी बाहेर’ असं लिहू. त्याचं मत वेगळं आहे, आणि ते त्यानं चर्चा पानावर चांगलं मुद्देसूद मांडलंय. इतरांनी तिथं येऊन बोलावं, म्हणजे एका रीतीनं सगळ्याच कंपन्यांचे तक्ते लावता येतील.